नंबर होता, नाव नव्हतं

त्या उन्हाळ्यात आमच्या घरातली एकही वस्तू आपल्या जागेवर राहिली नाही. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त होत होते आणि दिल्लीतलं सरोजिनी नगरचं क्वार्टर रिकामं करून नागपूरला जायचं ठरलं होतं. आई सकाळी भांडी पोत्यात भरून तोंड शिवून टाकायची आणि संध्याकाळी त्यातलंच एखादं पातेलं लागलं की शिवण उसवायची. भाकरीचा तवा तर रोज आत जायचा आणि रोज बाहेर यायचा. भिंतीवरच्या तसबिरी मात्र तिने शेवटपर्यंत काढल्या नाहीत. रोज सकाळी त्यांच्यासमोर मेणबत्ती लागायची, वंदना व्हायची आणि मग पुन्हा सुतळी, दाभण आणि जुनी वर्तमानपत्रं. कूलरच्या वाळ्याचा ओला वास, पाणी खेचणाऱ्या मोटरची घरघर, मागच्या बाजूला बाजारातल्या कपडेवाल्यांचा अखंड गलका. या आवाजांत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे ते मला कधी ऐकूच येत नसत. त्या उन्हाळ्यात एकदम ऐकू यायला लागले. मला घरात बसवत नव्हतं. जेवताना मी ताट हातात घेऊन गॅलरीत जायचे, तिथून परत स्वयंपाकघरात. आई चिडली की तिच्या बोलण्यात तिचं भंडाऱ्याकडचं माहेर उतरायचं. "काहून भिरभिरतेस गं? एका जागी बसून जेव ना!" म्हणायची.

कारण मला माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं. मला नागपूरला जायचं नव्हतं. नागपूरबद्दल माझी काही तक्रार नव्हती. दिवाळीत जायचो, आत्याकडे सांबारवडी खायचो, चुलत भावंडं माझ्या 'अच्छा' आणि 'यार'ला हसायची, मी परत यायचे. पण कायमचं? मी दिल्लीच्या दक्षिणेकडच्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर विभागात कंत्राटावर होते. कंत्राट दरवर्षी नवं व्हायचं. आईच्या मते ती नोकरी नव्हतीच. "नागपुरात काय कॉम्प्युटर नाहीत?" हे ती रोज विचारायची. बाबा त्यावर काहीच बोलत नसत. ते न बोलणं मला जास्त टोचायचं.

आमचा विभाग संस्थेच्या तळघरात होता. तिथे एका काचेच्या खोलीत मोठं यंत्र होतं, त्यात सगळ्या संशोधकांचं काम साठवलेलं असायचं: मुलाखती, फोटो, बोलीभाषांची ध्वनिमुद्रणं. मे महिन्यात त्या खोलीचा एसी बंद पडला. दुरुस्तीवाला 'कल पक्का' म्हणत आठवडाभर आलाच नाही. खोलीचं दार उघडं ठेवून आम्ही बाहेरून पंखे लावले. यंत्र तापलं, एकदा स्वतःहून बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. वरकरणी सगळं ठीक दिसत होतं. फक्त पडद्यावर, जिथे यंत्र आपल्या तक्रारी लिहितं तिथे, अधूनमधून एक ओळ उमटायला लागली. अमुक नंबरवर गडबड आहे. पुन्हा तासाभराने तोच नंबर. मग आणखी दुसरे काही. माझे साहेब मल्होत्रा सर ते बघून म्हणाले, "गर्मी का असर है. एसी ठीक होगा तो ये भी चुप हो जाएगी." ते वाईट माणूस नव्हते. माझ्या टेबलावर रोज दुपारी लिंबूपाणी तेच पाठवायचे. त्यांना फक्त कुठलीही गोष्ट लवकर शांत व्हायला हवी असायची.

त्याच आठवड्यात रेहाना तळघरात आली. मी फोनवर आईशी बोलत होते, "पोळ्या टाकू नको, मला भूक नाही," आणि फोन ठेवून वळते तर दारात एक सडपातळ मुलगी उभी. खांद्याला झोळी, कपाळावर घाम, डोळे रडून सुजलेले. हिंदीत काहीतरी विचारायला आली होती, पण माझं बोलणं ऐकून थबकली.

"तुम्ही मराठी आहात व्हय?"

"हो. तुम्ही?"

"परभणीची. रेहाना शेख. वर भाषा विभागात पीएचडी करते." एवढं बोलून ती खुर्चीवर बसलीच. "ताई, माझं फोल्डर रिकामं झालंय."

तिची गोष्ट अशी होती. पानिपतच्या पलीकडे काही खेड्यांत अशी घरं आहेत, जी स्वतःला मराठ्यांच्या फौजेतून मागे राहिलेल्यांचे वंशज मानतात. त्यांच्या बायकांच्या बोलण्यात, चुलीपाशी, गोठ्यात, काही निराळे शब्द टिकलेत का, हे रेहाना शोधत होती. बसने जायची, त्यांच्याकडे राहायची, म्हाताऱ्या बायकांना बोलतं करायची. आणलेलं ध्वनिमुद्रण संस्थेच्या यंत्रावर चढवायचं आणि रेकॉर्डरचं कार्ड पुसून पुढच्या फेरीसाठी वापरायचं, असा नियम होता. तिने नियम पाळला होता. आता तिच्या गाइड मॅडमनी फोल्डर उघडलं तर आत काही नाही. मॅडमना वाटलं, ही पोरगी गावांत गेलीच नाही. सोमवारी समितीची बैठक होती. तिच्या पुढच्या मुदतीचा निर्णय तिथे व्हायचा होता.

"मॅडम म्हणाल्या, 'खाली फोल्डर झूठ नहीं बोलता, रेहाना.'" हे सांगताना तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "आणि त्यातल्या एक अम्मा, फूलो अम्मा, थंडीत गेल्या हो. बाकीच्यांकडं परत जाईन मी. त्यांच्याकडं कुठं जाऊ?"

मी तिच्यासमोर फोल्डर उघडलं. खरंच रिकामं. पण मला ते रिकामं असणं आवडलं नाही. एखादं फोल्डर मुळातच रिकामं असलं की यंत्र ते पटकन दाखवतं. हे उघडताना यंत्र क्षणभर अडखळलं, आणि तक्रारींच्या पडद्यावर तोच, आठवडाभर उमटणारा नंबर पुन्हा उमटला.

आता इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण कॉम्प्युटरवर फाइलला नाव देतो आणि समजतो की ते नाव फाइलवर लिहिलेलं आहे. तसं नसतं. त्या प्रकारच्या यंत्रात प्रत्येक फाइलला एक नंबर असतो, आम्ही त्याला आयनोड नंबर म्हणायचो. मजकूर कुठे आहे, किती मोठा आहे, मालक कोण, हे सगळं त्या नंबरापाशी नोंदलेलं असतं. नाव मात्र तिथे नसतं. नाव असतं फोल्डरमध्ये. फोल्डर म्हणजे तरी काय, या नावाचा हा नंबर, त्या नावाचा तो नंबर, एवढीच नोंद. आणि फोल्डर हीसुद्धा शेवटी एक फाइलच, तिलाही तिचा नंबर. म्हणून नावावरून नंबर मिळणं सोपं. नंबरावरून नाव मिळायला सरळ रस्ता नाही. एकेका फोल्डरचं दार वाजवून विचारत जायचं, हा नंबर तुमच्याकडे राहतो का? यंत्र तक्रार करतं ती नंबराच्या भाषेत. ते म्हणतं अमुक नंबर आजारी आहे. तो नंबर कोणाचा, हे आपण शोधायचं.

मी मल्होत्रा सरांकडे गेले. ते म्हणाले, दुरुस्तीचा प्रोग्राम चालवू, जे विचारेल त्याला 'हो' म्हणू, काम संपेल.

"सर, डिस्क मर रही है. दुरुस्ती करते करते और टूट गई तो? पहले देख तो लें, ये नंबर किसका है."

"नंबर से क्या पता चलेगा? नाम तो बताती नहीं है मशीन."

"ढूँढना पड़ेगा, सर."

त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "ठीक है. फ्रायडे लंच तक. उसके बाद रिपेयर."

मी लगेच शोध सुरू केला, आणि उतावळेपणात नको तसाच सुरू केला. पहिला नंबर दिला, यंत्र सगळी फोल्डरं पालथी घालायला लागलं. ते चालू असतानाच दुसरा नंबर, मग तिसरा. प्रत्येक शोध म्हणजे सगळ्या इमारतीत पहिल्यापासून फेरी. थोड्याच वेळात त्या डिस्कमधून खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. तो आवाज मला अजून आठवतो. मी सगळं थांबवलं, यंत्र बंद केलं आणि काचेच्या खोलीबाहेर येऊन जिन्यावर वरखाली करत राहिले. रेहाना खालच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती.

मग डोकं थोडं थंड झालं. मरायला टेकलेल्या डिस्कला प्रश्न विचारायचेच कशाला? आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, जिथे वाचता येणार नाही तिथे जागा सोडून पुढे जायचं. मग हवे तितके प्रश्न त्या नकलेला. आणि तेही एकेक नंबर घेऊन नाही. एकदाच सगळीकडे फिरायचं, भेटेल ते प्रत्येक नाव आणि त्याचा नंबर टिपत जायचा, मग निवांत बसून जुळवायचं. नक्कल सुरू केली. पडद्यावरची पट्टी इतकी हळू सरकत होती की ती सरकतेय की नाही तेच कळेना. आता थांबण्याशिवाय काही करण्यासारखं नव्हतं, आणि थांबणं हीच एक गोष्ट मला त्या उन्हाळ्यात जमत नव्हती.

(आज माझी मुलगी तिचे सगळे फोटो 'वर' ठेवते. वर म्हणजे कुठे, तिला ठाऊक नाही, गरजही वाटत नाही. मी विचारलं की म्हणते, "मम्मा, सर्च करो ना." नोएडातल्या आमच्या नवव्या मजल्यावरून मी खाली बघत राहते. तिचं बरोबरच आहे. पण ते खडे हलवल्यासारखे आवाज तिने ऐकलेले नाहीत.)

त्या संध्याकाळी मी रेहानाला घरी घेऊन गेले. तिला एकटीला मुनिरक्याच्या तिच्या भाड्याच्या खोलीत पाठवावंसं वाटेना. आईने आधी कुरकूर केली, घराची अशी दशा आणि पाहुणी, पण पाहुणी परभणीची आहे म्हटल्यावर पोत्याची शिवण पुन्हा उसवली. भरड्याचे वडे झाले, ज्वारीची भाकरी, वांग्याची तर्रीदार भाजी, वरून चिरलेला सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. दिल्लीत नवीन असताना आईने भाजीवाल्याकडे सांबार मागितला होता, तर त्याने बोट करून तिला समोरचं डोसावाल्याचं हॉटेल दाखवलं होतं. हे आईनेच रेहानाला हसत सांगितलं. कितीतरी दिवसांनी आई हसली.

जेवता जेवता रेहाना तिच्या म्हाताऱ्यांबद्दल बोलायला लागली. बोलताना ती निराळीच दिसायची, मुदत, मॅडम, सगळं विसरायची. म्हणाली, "फूलो अम्मांच्या घरात एक शब्द सापडला मला, काकू. चुलीच्या बाजूला दुसरं भांडं ठेवायची जागा असती ना, आच तिकडून जाती, त्याला त्या—"

"वैल," आई म्हणाली.

रेहानाच्या हातातला घास तसाच राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? माझ्या आईची चूल होती ना. भात चुलीवर, वरण वैलावर." आई बोलता बोलता थांबली. "किती वर्षांनी तोंडात आला गं हा शब्द. इथं गॅस, कुठचा वैल." मला तो शब्द माहीत नव्हता. मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तोही एका हरियाणातल्या म्हातारीमुळे, परभणीमार्गे. रेहाना मात्र सावध होती. म्हणाली, एका शब्दाने काही सिद्ध होत नाही, हिंदीच्या कुठल्या बोलीतूनही आला असेल, तपासायला हवं. "पण तपासायला आवाज तर पाहिजे, काका."

बाबा पाणी प्यायले, पेला खाली ठेवला. "त्या लढाईवर आपल्याकडे केवढं लिहिलंय. सरदारांची नावं पोरांना पाठ असतात. पण घोड्यांना चारा घालणारे, पखाली वाहणारे, मेलेली जनावरं ओढणारे, तेही चालतच आले होते ना इथपर्यंत? त्यांची नावं कोणी लिहिली? त्यातलंही कोणी मागे राहिलं असेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढी वर्षं दिल्लीत काढली. पानिपतच्या त्या स्मारकाला, काला अंबला, जायचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी नक्कल पुरी झाली. मी तिच्यावर एकच फेरी सुरू केली. रेहाना माझ्या शेजारी बसली होती, आणि मी तिला सांगत होते की लगेच काही दिसणार नाही, तेवढ्यात फेरी संपलीसुद्धा. डिस्क धडधाकट असली की हे काम इतकं झटपट होतं. आठवडाभर तक्रारीत येत असलेला तो नंबर टाइप केला. पडद्यावर एका ओळीत पत्ता आला. भाषा विभाग, संशोधक, आर शेख, मुद्रणं.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग रेहानाला वाचायला लावली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं फोल्डर रिकामं नाही. आजारी आहे. यंत्र आठवडाभर तेच सांगतंय, नंबर घेऊन घेऊन."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मग आतलं कुठंय?"

तो प्रश्न बरोबर होता. फोल्डरमधली नावांची नोंद वाचता येत नव्हती, म्हणून आतल्या फाइलींपर्यंत जायला वाट नव्हती. पण नोंद गेली म्हणजे फाइली गेल्या असं नाही. मी उलट्या बाजूने गेले. वापरात असलेले सगळे नंबर काढले आणि ज्यांना फेरीत नाव मिळालं होतं ते त्यातून वजा केले. जे उरले ते बिननावाचे. त्यात थोडा कचरा होता, इतरांच्या अर्धवट पुसलेल्या फाइली. फाइलला आपलं नाव माहीत नसतं, पण आपण कुणाच्या हे माहीत असतं. मालक विचारत गेले. एकामागून एक, शेख, शेख, शेख. मी इतक्या जोरात खुर्ची मागे सारली की मल्होत्रा सर त्यांच्या केबिनमधून बाहेर आले. "क्या हुआ? जल गई?"

"नहीं सर. मिल गई."

ते माझ्या मागे उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, "मैं बोल रहा था ना, फ्रायडे लंच तक हो जाएगा." आणि स्वतःच लिंबूपाणी आणायला वर गेले.

पुढचा पूर्ण दिवस आम्ही दोघी एका हेडफोनचा एकेक कान लावून बसलो. प्रत्येक फाइल नंबरावरून थेट बाहेर काढायची, ऐकायची, रेहानाने ओळखायचं आणि नाव द्यायचं. ओळखण्यापुरतंच ऐकत होतो, सुरुवातीचं मिनिटभर. ती बहुतेक वेळा पहिल्या खोकल्यावरच सांगायची. "ही धाकटी काकी. ही चक्कीवाली. थांब, ही कोण? हां, हिच्याकडं मोर ओरडतात." काही फाइलींमध्ये जिथे डिस्क खराब झाली होती तिथे नुसती खरखर होती. एक तर पूर्णच गेली होती. रेहाना प्रत्येक नव्या फाइलच्या आधी श्वास रोखून धरायची आणि ती का धरते हे मला कळत होतं. फूलो अम्मा सापडत नव्हत्या. शेवटाकडे एक मोठी फाइल उघडली, आधी खरखर, खूप वेळ खरखर, मी पुढची घ्यायला हात उचलला, आणि तिने माझं मनगट पकडलं. आत एक जाड, घोगरा आवाज म्हणत होता, "चालू हो ग्यी के तेरी मसीन?"

रेहानाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि ओढणीत तोंड लपवलं.

सोमवारच्या आधी मॅडमना आम्ही तळघरात बोलावलं. त्या आल्या, उभ्या राहून ऐकत राहिल्या. यंत्राची आठवडाभराची तक्रार, तो नंबर, त्याचा पत्ता, मी सगळं दाखवलं. मॅडमना ते कितपत समजलं कोण जाणे. त्यांनी रेहानाची माफी मागितली नाही. जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कॉपी बना के घर पे भी रखा करो." रेहानाला मुदत मिळाली. मल्होत्रा सरांनी माझं कंत्राट नवं करायची शिफारस केली आणि 'क्या करना है, बता देना,' म्हणाले. मी सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही. त्याच दिवशी मुनिरक्यात रेहानाने मला तिची खोली दाखवली. अरुंद गल्ली, वर तारांचं जाळं, खाली मोमोवाल्याच्या भांड्याची वाफ, चौथ्या मजल्यावर एक खिडकी आणि दोन खाटांपुरती जागा. तिची जोडीदारीण शिक्षण संपवून गावी गेली होती. रेहाना म्हणाली, "ये की तू." मी हो म्हटलं. मग घरी आले आणि कोणालाच काही बोलले नाही. पंधरवडा तसाच काढला. आई माझे कपडे पेटीत भरत होती, मी ते गुपचूप बाहेर काढून दुसऱ्या पिशवीत ठेवत होते. आईला वाटायचं, तीच विसरली. बाबा हे बघत होते की नाही, मला कळत नव्हतं.

निघायच्या थोडं आधी बाबा एकदम म्हणाले, "चला, पानिपतला जाऊन येऊ." रेहानालाही जायचंच होतं; फूलो अम्मांच्या मुद्रणाची सीडी त्यांच्या घरच्यांना द्यायची होती. आईने दशम्या बांधून दिल्या, स्वतः आली नाही. म्हणाली, माझी पोती कोण शिवेल. आम्ही तिघं बसने गेलो, बाबा आणि रेहाना बोलत एका बाकावर, मी मागे. बाहेर ऊन असं की खिडकीच्या दांडीला हात लावता येत नव्हता. काला अंबला फार कोणी नव्हतं. बाबांनी चपला काढल्या, स्तंभाभोवती एक फेरी मारली आणि एका बाजूला जाऊन डोळे मिटून उभे राहिले. काय म्हणाले असतील, मी विचारलं नाही. मग दुसऱ्या एका खडखडत्या बसने त्या खेड्यात गेलो.

फूलो अम्मांचं घर आता त्यांच्या सुनेच्या हातात होतं. पन्नाशीची, रापलेली, डोक्यावरून पदर ओढलेली बाई. तिने रेहानाला मिठीच मारली, बाबांना बसायला खाट ओढली, आम्हाला पितळेच्या पेल्यांतून ताक दिलं. तिच्या मुलाने टीव्हीखालचं सीडीचं यंत्र जोडलं. खरखर संपून सासूचा आवाज आला तेव्हा ती ओट्याच्या कडेला बसली आणि बसूनच राहिली. आवाज अंगणभर पसरला. अम्मा कसल्याशा लग्नाबद्दल सांगत होत्या, मध्येच गाणं म्हणत होत्या, मध्येच रेहानाला, तू खात का नाहीस, म्हणून रागवत होत्या. शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावायला लागल्या. एकदोघी हसत होत्या, एकीने पदराने डोळे टिपले. तळघरात आम्ही इथपर्यंत ऐकलंच नव्हतं. आणि मग बोलता बोलता अम्मा एकदम ओरडल्या, "ए बहू! देख, भैंस खुलगी!"

सून उठली. खरंच उठली, पदर सावरत, गोठ्याच्या दिशेने तीन-चार पावलं गेली. मग थांबली. आमच्याकडे तिची पाठ होती. पुढे यंत्रावर अम्मांचा आवाज गेला, नुसती खरखर राहिली. गोठ्यात सायकल आणि भुशाचं पोतं होतं, बाकी काही नव्हतं. ती तिकडेच तोंड करून हळू आवाजात म्हणाली, "भैंस तो बेच दी, माँ."

परत येताना आम्ही बराच वेळ बसच्या वाटेकडे बघत रस्त्याच्या कडेला उभे होतो. धुळीने भरलेलं वारं सुटलं होतं, आंधी येणार अशी चिन्हं होती. रेहाना थोडी पुढे जाऊन बस दिसते का ते बघत होती. मला आता सांगायलाच हवं होतं, वाक्य तयार होतं, बसमध्ये जुळवलेलं, आणि मी पायाने नुसते खडे उडवत होते. बाबांनी डोळ्यांत धूळ गेली म्हणून रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली.

"उज्जू," ते म्हणाले, "तुझी ती खोली एकदा बघून घेऊ. दिल्लीला उतरल्यावर मुनिरक्याला कुठली बस जाते?"